केरी म्हणजे नेमकी कुठली? जैवविविधता समित्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातल्या सर्व ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि सचिव यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरीतला, वाळपईच्या पलीकडच्या एका गावातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावच्या समितीवर माझं नाव आहे. वर्षातून दोनदा बैठक होते, हजेरीवर सह्या होतात, चहा येतो, मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम होतं आणि आम्ही घरी जातो. तुमच्याकडे फार वेगळं चालत असेल असं वाटत नाही. हे टोचून बोलणं नव्हे, मीही त्याच बाकावर बसलेला आहे.

गेल्या मे महिन्यात सचिवांकडून कपाटाची चावी मागून घेतली आणि आमच्या गावची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दलचं लोकांचं ज्ञान लिहून ठेवायची वही, पहिल्यांदाच पानन् पान वाचली. बाइंडिंग झकास, मुखपृष्ठावर धनेशाचा रंगीत फोटो. तेराव्या पानावर मासे आणि शिंपले: तिसऱ्या, खुबे, कालवं. आमच्या गावापासून दर्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. गावात तिसऱ्या येतात त्या मासळीवालीच्या पाटीतून, कपच्या केलेल्या बर्फाखाली. वही तयार करणाऱ्याने किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी पंचायतीचं पान तसंच्या तसं उचललं होतं, एवढं उघड दिसत होतं. हसून पान उलटलं.

एकविसाव्या पानावर मात्र हसू गेलं. तिथे गावातल्या जुन्या झाडांची यादी होती आणि तीत आमच्या वेशीवरची सातवीण होती. देवचाराची सातवीण म्हणतात तिला. घेर बरोबर, उंची अंदाजे, आणि शेवटच्या रकान्यात जागा: १५.३२, ७४.०८. आकडे मोबाइलच्या नकाशात घातले. खूण पडली ती शिरोड्याच्या बाजूला, फोंडा तालुक्यात! देवचाराच्या झाडाची फांदी तोडायलाही गावात कोणी धजत नाही, आणि इथे एका रकान्याने अख्खं झाड मुळासकट उपटून चोवीस किलोमीटर दक्षिणेला नेऊन लावलं होतं.

झालं काय होतं ते कळायला वेळ लागला नाही, तिसरी-चौथीला गणित शिकवण्यात जन्म गेला आहे. मूळ मोजणी होती १५ अंश ३२ मिनिटं उत्तर आणि ७४ अंश ८ मिनिटं पूर्व. लिहिणाऱ्याने अंशापुढे टिंब दिलं आणि मिनिटं तशीच ठेवली. पण अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हेत. १५ अंश ३२ मिनिटं दशांशात लिहायची तर १५.५३३ होतात. १५.३२ म्हणजे १५ अंश १९ मिनिटं आणि वर थोडं. साडेतीन तास हे ३.३० लिहून पुढे गुणाकार करणारी पोरं दरवर्षी वर्गात दोन-तीन असायचीच. त्यातलंच कोणीतरी मोठं होऊन आमची वही लिहून गेलं असावं.

आणखी दोन नोंदींत अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झालेली. ७४ उत्तर, १५ पूर्व. ही जागा नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुवाकडच्या गारठलेल्या समुद्रात येते. आमच्या गावच्या भेरल्या माडाची दोन झाडं सध्या तिथे पोहत आहेत.

या वह्या घाईत झाल्या हे आपण सगळे जाणतो. जैवविविधता कायदा २००२चा, पण देशभर बहुतेक ठिकाणी काम रेंगाळलेलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने राज्यांना बजावलं, ३१ जानेवारी २०२०पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर महिन्याला दहा लाख रुपये भरा. सतरा वर्षांचा अभ्यास काही महिन्यांत उरकायचा म्हटल्यावर कोण काय करणार? कॉपी-पेस्ट करणार. तेव्हा जे झालं ते झालं. पण ही वही एकदा लिहून बासनात बांधायची नाही, ती वेळोवेळी दुरुस्त करायची आहे. त्या दुरुस्तीच्या आधी मला तुमच्याशी फक्त एका रकान्याबद्दल बोलायचं आहे, तो शेवटचा रकाना: कुठे.

तुमच्यातले काही म्हणतील, मास्तर, आकडे कशाला? गावाचं नाव लिहिलं की झालं. बरं, लिहा. केरी. आता सांगा कुठली? पेडण्यात केरी आहे, तेरेखोल नदी दर्याला मिळते तिथे. सत्तरीत केरी आहे, अंजुणे धरणाजवळ, चोर्ला घाट चढायच्या आधी. फोंड्यातही केरी आहे. सुर्ला डिचोलीत आहे तसं सत्तरीतही आहे. २००७ साली शास्त्रज्ञांनी एक नवं देवगांडूळ, म्हणजे बेडकाच्या नात्यातला बिनपायांचा प्राणी, जगापुढे मांडलं, शास्त्रीय नावातच गोवा असलेलं. ते सत्तरीतल्या केरीचं, हे त्यांनी नीट लिहून ठेवलं म्हणून निभावलं. नुसतं ‘केरी’ म्हटलं असतं तर कुणीतरी पेडण्याच्या वाळूत खणत बसला असता.

आणि योग्य केरी सापडली तरी गाव म्हणजे केवढं! त्यात डोंगर आहे, व्हाळ आहे, कुळागर आहे, शेत आहे, धरणाचं पाणी आहे. देवगांडूळ ओल्या मातीत राहतं, कातळावर राहत नाही. आपल्या लोकांना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? उलट आपल्याकडे हातभर जमिनीला नाव असतं. आमच्या वाड्यावरच बघा, मोरड, वायंगण, गणपतीचा कोंड, फणसाकडची मेर, वाघाची शेळ. वाघ माझ्या आजोबांनीही तिथे पाहिला नव्हता, नाव मात्र टिकलं. गुरं राखणाऱ्या पोराला ‘फणसाकडच्या मेरेवर’ म्हटलं की तो डोळे मिटून जातो. फणस कधीच पडला तरीसुद्धा जातो. जमिनीच्या कागदात तर आपण इतके काटेकोर की एक-चौदाच्या उताऱ्यावर शेजाऱ्याचा पोटविभाग हातभर इकडे सरकला तर मामलेदाराकडे खेटे घालतो. आणि राईतल्या झाडाची वेळ आली की लिहितो ‘गावाच्या हद्दीत’.

पंचायतीत जिओटॅग, म्हणजे फोटोला जागेचे आकडे चिकटवणं, हा शब्दही नवा राहिलेला नाही. गटाराचं काम असो की घरकुलाचं, फोटो जिओटॅग केल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. गटार कुठे आहे हे सरकारला मीटरमध्ये हवं, सातवीण कुठे आहे हे तालुक्यात सांगितलं तरी चालतं. असो.

आता आकडे कसे घ्यायचे त्याबद्दल. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, भिजून शिकलो आहे.

२०१८ साली गोव्याच्या जांभ्या कातळाच्या सड्यांवरून एक लहानसा बेडूक नवा म्हणून नोंदला गेला. त्याचं शास्त्रीय नावच ‘गोएंची’ आहे. गोंयचो बेडूक! आपल्या नावाचा बेडूक आपल्या सड्यावर आहे का हे बघावं म्हणून गेल्या जूनमध्ये पहिल्या जोराच्या पावसानंतर मी, माझा पुतण्या आणि माझे दोन जुने विद्यार्थी रात्री वर चढलो. कातळावरचे खळगे पाण्याने भरलेले, प्रत्येक खळग्यातून आवाज. बॅटरी मारली की आवाज बंद, विझवली की पुन्हा सुरू. पुतण्याने मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. एका खळग्याच्या काठावर बेडूक दिसला, त्याने पटकन फोटो घेतला आणि म्हणाला, ‘झालं, लोकेशनही आलं.’

मी म्हटलं, दाखव बघू. स्क्रीनवर निळा ठिपका आणि त्याच्याभोवती भलंमोठं फिकट निळं वर्तुळ. खाली लिहिलेलं, अचूकता ६५ मीटर. म्हणजे फोन आपल्याला सांगत होता, बाबा, तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात, नेमके कुठे ते विचारू नका. त्या सड्यावर एका खळग्यापासून दुसरा दहा-पंधरा पावलांवर. पासष्ट मीटरच्या वर्तुळात असले कितीतरी खळगे येतात, शिवाय कडेचा व्हाळही येतो. ओढ्यातला बेडूक वेगळा, कातळावरचा वेगळा. आम्ही तिथेच उभे राहिलो. पाऊस भुरभुरत होता. ६५चे ४० झाले, मग २२, मग बराच वेळ १४वर अडलं, आणि शेवटी ५. इतका वेळ एका जागी उभं राहायचं म्हणजे तरुण पोरांना शिक्षाच. पण तेवढ्यात काळोखात डोळे सरावले आणि दुसऱ्या दोन जातींचे आवाज वेगळे ऐकू यायला लागले. बेडूक गोएंची होता की त्याचा चुलतभाऊ, ते मी ठरवणार नाही. फोटो, आवाज आणि जागा जाणकारांसाठी टाकून ठेवली आहे.

एक गैरसमज त्या रात्री पोरांचाही होता आणि बहुतेक तुमच्यातल्या काहींचाही असेल, की रेंज नाही म्हणजे लोकेशन नाही. आमच्या सड्यावर रेंजचा एक दांडाही येत नाही. तरी जागा मिळते, कारण ती उपग्रहांकडून येते, टॉवरकडून नव्हे. टॉवर फक्त पहिल्यांदा उपग्रह शोधायला मदत करतो. तो नसला तर दोन-चार मिनिटं जास्त लागतात इतकंच. दाट झाडीखाली आणि घाटाच्या कुशीत आकाश कमी दिसतं, तिथे वर्तुळ आकसायला अधिक वेळ लागतो, कधी आकसतच नाही. आणि फोन खिशातून काढल्या काढल्या घेतलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका. कधी कधी त्यावर मागची जुनी जागाच चिकटते. माझ्या एका फोटोत मलबार चापडा माझ्याच स्वयंपाकघरात दाखवला होता. बायकोला दाखवला नाही.

दशांशात लिहिलंत तर साठाचा घोळच राहत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. टिंबानंतरचा दुसरा आकडा साधारण एक किलोमीटरचा, तिसरा ११० मीटरचा, चौथा ११ मीटरचा, पाचवा एका मीटरच्या आसपासचा. चार आकडे लिहिलेत की एका झाडाला पुरे. फोन आठ-आठ आकडे दाखवतो म्हणून तेवढे उतरवून काढू नका. वर्तुळ पासष्ट मीटरचं असताना आठवा आकडा लिहिणं म्हणजे तांदूळ पायलीने मोजायचे आणि हिशोब दाण्यात सांगायचा. त्यापेक्षा आकड्यांशेजारी एक छोटा रकाना आखा: ‘किती मीटर इकडेतिकडे’. संग्रहालयांतले लोक २००४पासून याला बिंदू आणि त्रिज्या म्हणतात. आपण नुसतं ‘सुमारे’ म्हटलं तरी चालेल, पण सुमारे किती ते लिहायचं. ५ लिहा, ५० लिहा, ठाऊक नसेल तर अख्ख्या वाड्याचे ५०० लिहा. मोठा आकडा लिहिण्यात लाज नाही. बारक्या आकड्याचं सोंग आणलं तर पुढचा माणूस चुकीच्या झाडाखाली जाऊन उभा राहतो.

जोडीला गावातलं नाव लिहाच. फणसाकडची मेर. आकडा चुकला तर नाव वाचवील आणि नाव विसरलं गेलं तर आकडा. जुन्या टोपोशीटवरून जागा काढणार असाल तर तसं वेगळं नमूद करा, कारण त्या नकाशांची मोजणी वेगळ्या आधारावर होती आणि फोनची डब्ल्यूजीएस ८४ या जगभरच्या आधारावर चालते. दोन्ही तसेच एकमेकांवर ठेवले तर खुणा सरकतात.

मग व्हॉट्सॲप. आपल्याकडचं निम्मं निसर्गज्ञान आज व्हॉट्सॲपवर येतं आणि तिथेच मरतं. कोणीतरी सापाचा फोटो टाकतो. ‘कोणता?’ वीस जण उत्तरं देतात, त्यातली चार बरोबर. ‘कुठे?’ उत्तर येतं, ‘रानात.’ मूळ फोटोच्या पोटात तारीख, वेळ, जागा सगळं असतं, पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की जागा गळून पडते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. समितीच्या ग्रुपवर एवढा एकच नियम केलात तरी वर्षात चांगला फरक दिसेल. त्याहून बरं म्हणजे आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या ॲपवर नोंद थेट टाकावी. तिथे तारीख, जागा आणि फोटो किंवा आवाज नसेल तर नोंद संशोधनाच्या दर्जाची धरतच नाहीत. वर ओळखीवर किमान दोघांचं आणि मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिकांचं एकमत लागतं. पक्ष्यांसाठी ईबर्ड आहे, २००२पासून. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे किती वेळ फिरलात, किती चाललात आणि दिसलेले सगळे पक्षी लिहिलेत का, हे ते विचारतं. म्हणजे जे दिसलं नाही त्याचाही हिशोब राहतो. आमच्या व्हाळावर खंड्या पूर्वी रोज दिसायचा, आता आठवड्यात एकदा. हे मला ठाऊक आहे, पण ‘पूर्वी’चा कागद माझ्याकडे नाही.

नकाशावर गोव्यातल्या पक्ष्यांचे ठिपके कधी बघा. करमळीच्या तळ्यावर गर्दी, चोडणच्या सलीम अली अभयारण्यात गर्दी, बोंडल्यात गर्दी. २०२२मध्ये कुडचड्याचं नंदा तळं गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, आता तिथेही. रस्ता आहे, गाडी ठेवायला जागा आहे, चहा मिळतो तिथे पक्षी जास्त. आमच्या आतल्या वाड्यांवर नकाशा कोरा. राज्य अवघं ३७०२ चौरस किलोमीटरचं, तरी त्यातला मोठा भाग कोणी बघितलेलाच नाही असं त्या नकाशाला वाटतं. आणि ज्या दिवशी एखादा रस्ता, लाइन किंवा खाण यायची असते त्या दिवशी टेबलावर तोच नकाशा पसरला जातो.

मार्च २०२३ आठवा. काजूचा मोसम होता, आणि म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांत आगी लागल्या होत्या. उपग्रहावरून आगीचे ठिपके यायचे. त्यातल्या बारकाईने बघणाऱ्या उपग्रहाचाही एक चौकोन ३७५ मीटरचा. डोंगराच्या अंगावर ३७५ मीटर म्हणजे ही शेळ की ती, वाट इकडून की पलीकडून. ते सांगायला तेव्हा वाड्यावरची माणसंच लागली. त्यांना ठिपका दाखवला की ती म्हणत, ही अमक्याची मोळ, खालून जाऊ नका, पाणी वरच्या अंगाला आहे. उपग्रहाला मोळ माहीत नव्हती आणि वाड्यावर नकाशा नव्हता. तुमच्या वहीत ही दोन्ही एका ओळीत आली असती तर?

इथवर मी जागा सांगा, सांगा म्हणतो आहे. आता उलट बोलणार आहे, आणि त्यासाठी माझीच एक चूक सांगतो.

सड्याच्या खाली एक पाणवठा आहे. पावसाच्या पहिल्या एक-दोन रात्री तिथे मोठे बेडूक जमतात, नर पिवळेधमक झालेले, गालाचे फुगे निळे, आणि आवाज एवढा की बोलणं ऐकू येत नाही. चार वर्षांपूर्वी मी तो व्हिडिओ काढला आणि उत्साहाच्या भरात एका निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर टाकला. कोणीतरी विचारलं, कुठे? मी शहाण्यासारखं लोकेशन पाठवलं. पाच मीटर अचूक! ग्रुपवर १८० माणसं होती, त्यातल्या दहांचेही चेहरे मला माहीत नव्हते. तिसऱ्या रात्री घरातून बॅटऱ्यांचे झोत दिसले. सकाळी गेलो तर काठावर चिखल तुडवलेला, एक फाटकी पोत्याची कड आणि शांतता. त्या १८०पैकी कोणी नेले की लोकेशन पुढे कोणाकडे गेलं, मला सांगता येणार नाही. जंपिंग चिकन म्हणून ते कोणाच्या ताटात गेले हेही नाही. कायद्याने बंदी आहे, वन खातं दर पावसाळ्यात इशारा देतं, सगळं खरं. पण वाट मी दाखवली.

माझ्या आजीने हे केलं नसतं. रोयणीवरची अळमी, म्हणजे वारुळावरची अळंबी, कुठे उगवतात हे तिला पक्कं माहीत होतं, कुठली रोयण, पावसाच्या कितव्या दिवसांत, कुठल्या बाजूने. शेजारणीला ती पानात बांधून अळमी द्यायची, जागा सांगायची नाही. सख्ख्या जावेलाही नाही. एका सुनेला सांगितली, तीही सून दहा वर्षं नांदल्यावर. रोयण म्हणजे सातेरी देवीचं रूप, तिच्यावर काठी मारायची नाही, सगळी अळमी एकदम खुडायची नाहीत, हेही त्याच वेळी सांगितलं. आजीच्या डोक्यात जागा होती मीटरइतकी अचूक आणि ती कोणाला सांगायची याचा कायदाही होता. आपल्या वहीत दोन्ही नाहीत. जागा आहे ती चुकीची, आणि जी आहे ती मागेल त्याला दाखवायची.

म्हणून माझी मागणी अशी की वहीचे दोन थर करा. अचूक जागा सगळ्या नोंदींची घ्या, पण त्या कुलुपात, समितीच्या ताब्यात. लोकांसाठीच्या प्रतीत आंबा, सातवीण, बुलबुल बिनधास्त उघडे ठेवा. माडगरुडाचं घरटं असलेलं झाड, बेडकांचे पाणवठे, अळमी, औषधी मुळ्या, किनाऱ्यावर मोरजी, आगोंद, गालजीबागकडच्यांना कासवांच्या घरट्यांचं जे वाटेल ते, यांची जागा फक्त वाड्यापर्यंत. ॲपमध्येही ही सोय आहे. आयनॅचरलिस्टवर जागा धूसर करता येते, मग बाहेरच्यांना ठिपका सुमारे २२ किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी दिसतो. धोक्यात असलेल्या बऱ्याच जातींची जागा ते आपण होऊन झाकतं, पण त्यावर विसंबू नका. आपला मोठा बेडूक जगाच्या यादीत धोक्यात असलेला धरलेला नाही. जगात तो भरपूर आहे. आमच्या पाणवठ्यावर तो किती उरला आहे हे त्या यादीला कसं कळणार? त्याची जागा हाताने झाकावी लागते, नोंद टाकतानाच, एका बटनाने.

यावर एक शंका मला माहीत आहे, कारण ती आमच्या सरपंचांनी बोलून दाखवली. मास्तर, जागा आमच्या कपाटात बंद ठेवली तर शास्त्रज्ञांना काय उपयोग? ज्याला खरोखर काम करायचं आहे तो पत्र घेऊन पंचायतीत येईल, समितीसमोर बसेल, काय करणार ते सांगेल, आणि काम झाल्यावर आम्हालाही प्रत देईल. आजवर आमच्या गावात अभ्यासाला म्हणून आलेल्यांपैकी परत काही पाठवणारे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. जागा सांगायच्या बदल्यात तेवढं मागायला काय हरकत आहे? आणि मूळ फाइल पंचायतीच्या संगणकावर राहिली पाहिजे. आमच्या वहीचा छापील गठ्ठा आहे, आकड्यांची फाइल नाही. दुरुस्ती करायची तर सगळं पुन्हा टाइप करा!

आणखी एक रकाना मागतो आणि थांबतो: कोणी पाहिलं. आमच्या वहीत सगळीकडे ‘स्थानिक लोक’ लिहिलं आहे. तायखिळ्याची भाजी कुठल्या बांधावर आधी उगवते हे सांगणारी बाई, गवेरेडे कुठल्या रात्री कुठल्या कुंपणातून केळीत शिरतात हे सांगणारा शेतकरी, यांना नावं आहेत. त्यांना विचारून, ती चालणार असतील तरच, नाव घाला. नाव घातलं की माणूस नोंद जपून करतो, हे मी शाळेच्या वह्यांवर तीस वर्षं बघितलं आहे.

आमच्या गावापुरतं काम सुरू केलं आहे. सातवीच्या पोरांच्या दोन टोळ्या केल्या, प्रत्येकीकडे एका पालकाचा जुना मोबाइल. आकडा पाच मीटरवर आल्याशिवाय फोटो नाही, असा नियम त्यांनीच केला, आणि तो ती माझ्यापेक्षा कडक पाळतात. मी आठ मीटरवर घेतलेला एक फोटो त्यांनी नापास केला. महिन्याभरात एकवीस नंबरच्या पानावरची अकरा झाडं फिरून मोजून झाली. देवचाराची सातवीण शिरोड्याहून परत आणली, सचिवांनी लाल शाईने दुरुस्ती करून शिक्काही मारला. भेरल्या माडाची ती दोन झाडं मात्र अजून नॉर्वेच्या समुद्रातच आहेत. गावात भेरले माड पाच-सहा आहेत, त्यातले यादीतले दोन कुठले ते फक्त वही लिहिणाऱ्याला ठाऊक, आणि त्याचा फोन लागत नाही.

आपला,
सत्तरीतल्या एका समितीचा सदस्य